आयोवा नदीच्या काठी

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

अमेरिका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे न्यूयॉर्कच्या उंच इमारती येतात, नाहीतर सॅन फ्रान्सिस्कोचा तांबडा पूल. आता घरोघरी कुणी ना कुणी तिकडे असतं, त्यामुळे न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया ही नावंही ओळखीची झाली आहेत. पण या दोन किनाऱ्यांच्या मधे जो अफाट सपाट मुलूख पसरला आहे, ज्याला तिकडचे लोक मिडवेस्ट म्हणतात, त्याविषयी आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. खुद्द अमेरिकेतही किनाऱ्यांवरची मंडळी त्याला विमानातून ओलांडायचा प्रदेश समजतात. मका, सोयाबीन, डुकरं आणि हाडं गोठवणारा हिवाळा, एवढीच त्याची ख्याती.

या मुलखातल्या एका छोट्या शहराबद्दल मी आज सांगणार आहे. त्याचं नाव आयोवा सिटी. आयोवा राज्याच्या पूर्व भागात, शिकागोहून मोटारीने साधारण चार तासांवर हे शहर आहे. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ७४,८२८ होती. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. यजमानांना तिथल्या विद्यापीठात नोकरी लागली म्हणून १९९४ साली आम्ही तिकडे गेलो आणि २०१९ मध्ये परत आलो. मधली पंचवीस वर्षं मी तिथल्या एका प्रयोगशाळेत काम केलं. मुलगी तिथेच वाढली.

शहराच्या मधोमध आयोवा नदी वाहते. राज्याच्या उत्तरेकडून निघून, तीनशेहून अधिक मैल वळणं घेत ती पुढे मिसिसिपीला मिळते. नदी फार रुंद नाही. पाणी मातकट, कारण वरच्या अंगाला सगळी शेतं. माझं माहेर वाईचं. नदी म्हणजे घाट, पायऱ्या, देवळं, धुणी आणि पोहणारी मुलं, हे माझ्या डोळ्यांत बसलेलं. तिथे यातलं काहीच नाही. काठाला हिरवळ, उंच झाडं, फिरायची वाट, बाक आणि बदकं. लोक नदीशेजारी बसतात, धावतात, सायकली चालवतात, पण पाण्यात पाय घालणारा क्वचित दिसतो. पहिल्या वर्षी मला ही नदी जरा परकी वाटली. हिवाळ्यात तिच्यावर बर्फाची साय धरते आणि मार्चमध्ये ती साय तडकून तुकडे वाहू लागतात, तेव्हा पुलावर उभं राहून ते बघायला मजा येते. हळूहळू मीही रोज कामावर जाताना तिच्यावरच्या पादचारी पुलावर दोन मिनिटं थांबायला लागले.

या पुलावरून पूर्वेला पाहिलं की टेकाडावर सोनेरी घुमट दिसतो. ते जुनं विधानभवन. आयोवा हा प्रांत असताना, १८३९ साली, राजधानी म्हणून हे शहर वसवलं गेलं. १८४६ च्या डिसेंबरात आयोवाला राज्याचा दर्जा मिळाला आणि दोनच महिन्यांत, फेब्रुवारी १८४७ मध्ये, इथे विद्यापीठ स्थापन झालं. पुढे १८५७ साली राजधानी दे मॉइनला हलली. सत्ता गेली, कचेऱ्या गेल्या. मागे उरलं ते विधानभवन विद्यापीठाला मिळालं. राजधानी गेलेली गावं बहुधा ओस पडतात. हे गाव पडलं नाही, कारण त्याच्याकडे विद्यापीठ होतं. आजही विद्यापीठ आणि शहर वेगळं काढता येत नाही. कुठे भिंत नाही, फाटक नाही. भाजी घेऊन घरी निघालेली बाई ग्रंथालयाच्या दारावरून जाते आणि वर्गातून सुटलेली मुलं थेट बाजारपेठेत येतात.

रोजचं आयुष्य तसं साधं. उन्हाळ्यात शनिवारी सकाळी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. त्यात कणसं, टोमॅटो, मध आणि इथे येऊन स्थायिक झालेल्या चेक लोकांची जर्दाळूचा किंवा खसखशीचा गर भरलेली गोड पावं मिळतात, त्यांना कोलाचे म्हणतात. कणसाचा हंगाम आला की घरोघरी तोच विषय. हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत जातो. आपल्या घरासमोरच्या फूटपाथवरचा बर्फ ज्याचा त्याने काढायचा. शेजारी म्हातारे असतील, तर न सांगता त्यांचाही काढून टाकायचा. शरद ऋतूत विद्यापीठाच्या फुटबॉलचे सामने. स्टेडियममध्ये जवळजवळ ६९ हजार माणसं मावतात, म्हणजे अख्खं शहर एका जागी बसवल्यासारखंच. स्टेडियमला लागून मुलांचं रुग्णालय आहे. २०१७ सालापासून तिथे एक प्रथा पडली आहे. पहिला डाव संपला की सगळे प्रेक्षक, दोन्ही संघांचे खेळाडू, पंचसुद्धा, रुग्णालयाकडे वळतात आणि वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांत उभ्या असलेल्या आजारी मुलांना हात हलवून दाखवतात. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण त्या एका मिनिटासाठी मी तिकीट काढून गेले आहे.

आता अशा मक्याच्या गावात कला कुठून आली? याचं उत्तर बरंचसं एका निर्णयात आहे. १९२२ साली इथल्या विद्यापीठाने ठरवलं की वरच्या पदवीसाठी प्रबंधाऐवजी कविता, कथा, चित्र किंवा संगीतरचनाही चालेल. त्या काळी ही भलतीच धीट गोष्ट होती. कलेविषयी लिहिणाऱ्याला पदवी मिळे, कला करणाऱ्याला नाही. हा फरक इथे पुसला गेला. मग माणसं येत गेली. शेतकरी बाप-लेकीचं ते जगप्रसिद्ध चित्र, 'अमेरिकन गॉथिक', काढणारा ग्रँट वुड १९३४ पासून इथे शिकवायला लागला. १९३६ साली लेखकांसाठी कार्यशाळा सुरू झाली. पुढे पॉल एंगल या कवीने ती चोवीस वर्षं चालवली. हा शेजारच्या सीडर रॅपिड्सचा, घोडे शिकवणाऱ्याचा मुलगा. दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यार्थ्यांची गर्दी उसळली, तेव्हा या कार्यशाळेचे वर्ग नदीकाठच्या पत्र्याच्या लष्करी बराकींत भरत. फ्लॅनरी ओ'कॉनर इथली विद्यार्थिनी. कर्ट व्हॉनेगट १९६५ ते ६७ इथे शिकवायला होता आणि त्याच काळात तो आपल्या गाजलेल्या युद्धविरोधी कादंबरीवर काम करत होता. कोलकात्याच्या भारती मुखर्जी १९६३ साली इथूनच लेखनाची पदवी घेऊन बाहेर पडल्या.

आणि नदीचा यात थेट हात आहे. तैवानहून आलेल्या चिनी लेखिका ह्वालिंग न्ये, ज्यांनी पुढे पॉल एंगलशी लग्न केलं, त्या सांगत की एकदा दोघं नदीत होडीतून फिरत असताना त्यांनी सुचवलं, जगभरातल्या लेखकांना इथे बोलावलं तर? एंगलना आधी ही कल्पना वेडेपणाची वाटली. पण १९६७ साली दोघांनी आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रम सुरू केला. दर शरद ऋतूत वेगवेगळ्या देशांतले लेखक येतात, काही आठवडे राहतात, लिहितात, एकमेकांचं ऐकतात. आजवर १६०० हून अधिक लेखक येऊन गेले. तुर्कस्तानचा ओरहान पामुक १९८५ साली, कोरियाची हान कांग १९९८ मध्ये, चीनचा मो यान २००४ मध्ये इथे होता. तिघांनाही नंतर नोबेल मिळालं. आपले दिलीप चित्रेही १९७५ साली या कार्यक्रमाचे पाहुणे म्हणून इथे आले आणि त्यांचा मुक्काम चांगला लांबला. आम्ही गेलो तेव्हा गावातल्या जुन्या मंडळींना 'मराठी' म्हटलं की चित्र्यांचं नाव आठवत असे. परक्या गावात आपली ओळख अशी कुणीतरी आधीच करून ठेवलेली असावी, याचं मला फार अप्रूप वाटलं.

भर बाजारात 'प्रेअरी लाइट्स' नावाचं पुस्तकांचं दुकान आहे, १९७८ पासूनचं. संध्याकाळी तिथे लेखक येऊन वाचतात. खुर्च्या मांडलेल्या असतात, तिकीट नसतं. ही वाचनं अनेक वर्षं विद्यापीठाच्या रेडिओवरून थेट प्रसारित होत. रात्री भांडी घासता घासता मी कितीतरी कवी ऐकले आहेत, काही कळले, काही नाही कळले. बाहेर आयोवा अ‍ॅव्हेन्यूच्या फूटपाथवर लेखकांच्या ओळींचे धातूचे फलक बसवलेले आहेत. शाळेतली मुलं त्यांच्यावरून उड्या मारत जातात. ओकलंड दफनभूमीत एक मोठी काळी परी आहे, बोहेमियाहून आलेल्या एका बाईने आपल्या तरुण वयात गेलेल्या मुलासाठी आणि नवऱ्यासाठी उभारलेली. ब्राँझ हवेने काळं पडलं, पण गावाने त्यावर शापांच्या आणि भुतांच्या डझनभर कथा रचल्या. माझी मुलगी लहानपणी तिथे रात्री जायला घाबरत असे.

आता मुख्य गोष्टीकडे येते. नदीवर वरच्या अंगाला कोरलव्हिल नावाचं धरण आहे. लष्कराच्या अभियंता दलाने बांधलेलं हे धरण १९५८ साली पूर्ण झालं आणि गावाला वाटलं, आता नदी ताब्यात आली. त्यानंतरच्या काळात विद्यापीठाने आपल्या कलांना नदीकाठची सुंदर जागा दिली. १९६९ मध्ये कलासंग्रहालय आणि १९७२ मध्ये हँचर नावाचं अडीच हजार खुर्च्यांचं प्रेक्षागृह उभं राहिलं. शेजारी संगीत आणि चित्रकलेचे विभाग. या हँचरमध्ये १९८७ साली जोफ्री बॅले या नामांकित मंडळीने आपल्या 'नटक्रॅकर'चा पहिला प्रयोग केला. संग्रहालयात जॅक्सन पोलॉकचं 'म्यूरल' होतं. १९४३ सालचं, वीस फूट लांब आणि आठ फूट उंच. न्यूयॉर्कच्या श्रीमंत संग्राहक पेगी गुगेनहाइम यांनी १९५१ मध्ये ते विद्यापीठाला चक्क देऊन टाकलं होतं.

नदीने एकदा इशारा दिला होता. आम्ही गेलो त्याच्या आदल्या वर्षी, १९९३ च्या उन्हाळ्यात, धरण भरून सांडव्यावरून पाणी वाहिलं, ते तब्बल २८ दिवस. त्या पाण्याने सांडव्याखालचा रस्ता, तंबू ठोकायची जागा, माती, सगळं खरवडून नेलं. पाणी ओसरल्यावर खाली काय निघालं? साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा तळ. पोवळी, शिंपले, समुद्रकमळांच्या देठांचे तुकडे, जसेच्या तसे दगडात. आयोवाच्या मक्याखाली एके काळी उबदार समुद्र होता, हे गावाला पुरामुळे समजलं. आज ते पाहण्यासाठी वाट केलेली आहे, शाळांच्या सहली येतात. पण पुराचा दुसरा धडा, सांडवा एकदा वाहिला तर पुन्हाही वाहील, हा तितकासा मनावर घेतला गेला नाही. इमारती होत्या तिथेच राहिल्या, काही नव्याही आल्या. आणि गंमत बघा, याच नदीच्या काठावर, बर्लिंग्टन स्ट्रीटच्या बंधाऱ्याशेजारी, विद्यापीठाची जलगतीशास्त्राची नामांकित प्रयोगशाळा १९२० पासून काम करते आहे. पाण्याचा अभ्यास एकीकडे आणि इमारतींच्या जागा ठरवणं दुसरीकडे.

२००८ साल उजाडलं ते भरपूर बर्फ घेऊन. वसंतात पाऊस थांबेना. जूनच्या पहिल्या आठवड्यात धरण भरत आल्याच्या बातम्या रोज रेडिओवर येऊ लागल्या. वाळूची पोती भरायला सगळं गाव उतरलं. फुटबॉलचे धिप्पाड खेळाडू, प्राध्यापक, शाळकरी मुलं, निवृत्त आजोबा. संग्रहालयातली चित्रं भराभर बांधून गाडीने शिकागोला रवाना झाली, 'म्यूरल'सुद्धा. मुख्य ग्रंथालयाच्या तळघरात पुस्तकं आणि हस्तलिखितं होती. ती वर हलवायला माणसं हवीत असं कळलं, तशी मी आणि मुलगी दोघी गेलो. शेकडो लोक आधीच आले होते. तळघरापासून वरच्या मजल्यांपर्यंत जिन्यावर माणसांची साखळी लागली होती. एक हात पुस्तक घेई, दुसरा पुढे देई. माझ्या खालच्या पायरीवर एक ट्रकचालक होता, वरच्या पायरीवर चिनी विद्यार्थिनी. तासन् तास कुणी फारसं बोललं नाही. कोणतं पुस्तक हातातून गेलं ते बघायलाही सवड नव्हती. घामाने आणि धुळीने सगळे सारखेच दिसत होते.

१५ जूनला नदी ३१.५३ फुटांवर पोचली. पुराची पातळी २२ फुटांची, यावरून अंदाज करा. विद्यापीठाच्या वीसहून अधिक इमारतींत पाणी शिरलं. हँचरच्या प्रेक्षागृहात, जिथे आम्ही रविशंकरांपासून नटक्रॅकरपर्यंतच्या कार्यक्रमांच्या गप्पा करायचो, तिथे खुर्च्या गढूळ पाण्यात बुडाल्या. ग्रंथालयाचा संग्रह वाचला. पण कलांचं अख्खं आवार गेलं. आणि फक्त कलांचं नाही. नदीच्या वळणावरच्या एका वस्तीत आमच्या ओळखीचं एक वयस्कर जोडपं राहायचं. पंचेचाळीस वर्षं त्या घरात काढलेली. पाणी उतरल्यावर घरातला गाळ काढायला आम्ही गेलो, तर आजी अंगणातल्या खुर्चीत बसून लग्नातल्या फोटोंवरचा चिखल कापसाने पुसत होत्या. पुढे पालिकेने त्या वस्तीतली बरीच घरं विकत घेतली आणि पाडली. तिथे आता गवत आणि झाडं आहेत. पुन्हा पूर आला तर नदीला पसरायला जागा. निर्णय शहाणपणाचा होता. तरी ते दोघं मुलाकडे दुसऱ्या राज्यात गेले आणि गावाला मुकले, हेही खरं.

त्यानंतरची आठ वर्षं माझ्या मते या गावाची खरी कसोटी होती. माझी मुलगी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विद्यापीठात मातीकाम शिकायला दाखल झाली. तिच्या विभागाला इमारत नव्हती. गावाबाहेर हमरस्त्यालगत घरबांधणीचं सामान विकणारं एक मोठं दुकान बंद पडलेलं होतं. विद्यापीठाने ती जागा घेतली. जिथे नळ, फरश्या आणि रंगाचे डबे विकले जायचे, तिथे भट्ट्या, चाकं आणि ओतकामाची टेबलं आली. छत उंच, दिवे पिवळे, हिवाळ्यात गारठा. मुलं सुरुवातीला कुरकुरली. पण एक झालं, पूर्वी वेगवेगळ्या खोल्यांत बसणारे मातीवाले, धातूवाले, लाकूडवाले सगळे एका छपराखाली आले. एकाची ठोकपीट दुसऱ्याला ऐकू येऊ लागली. मुलगी अजून म्हणते, "आई, मी जे शिकले ते त्या दुकानात शिकले." संगीताचे वर्ग गावभर विखुरले. हँचरच्या मंडळींनी हॉल नसताना कार्यक्रम चालू ठेवले, कधी चर्चमध्ये, कधी गावातल्या जुन्या नाट्यगृहात, कधी उघड्यावर.

याच काळात 'म्यूरल'वरून वाद पेटला. त्या चित्राची किंमत तेव्हा १४ कोटी डॉलरच्या आसपास धरली जात होती. पूर आल्यावर काही आठवड्यांतच विद्यापीठाच्या नियामक मंडळात विचारणा झाली की विकलं तर किती येतील? २०११ साली तर राज्याच्या विधिमंडळात विधेयकच आलं की चित्र विकावं आणि पैशांतून विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या द्याव्यात. हा विचार मूर्खपणाचा होता असं मी म्हणणार नाही. ज्यांची घरं वाहून गेली, ज्यांची मुलं कर्ज काढून शिकत होती, त्यांना भिंतीवरच्या रंगांच्या फटकाऱ्यांची एवढी किंमत ऐकून राग येणं साहजिक होतं. आमच्या प्रयोगशाळेतही यावर डबे खाताना भांडणं झाली. पण विरोध करणाऱ्यांचा मुद्दा मला पटला. हे चित्र कुणी विकत घेतलेलं नव्हतं, दान म्हणून आलं होतं. एकदा विकलं की ते एखाद्या धनिकाच्या दिवाणखान्यात जाईल आणि आयोवातल्या शेतकऱ्याच्या मुलीला ते बघायला मिळणार नाही. शिष्यवृत्तीसाठी दुसरीकडून पैसे उभे करता येतात, हे चित्र पुन्हा मिळवता येत नाही. विधेयक पुढे सरकलं नाही. चित्र मात्र बरीच वर्षं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरलं. शेजारच्या डॅव्हनपोर्ट शहरात राहिलं, लॉस एंजेलिसच्या गेटी संस्थेत त्याची सफाई झाली, युरोपातही जाऊन आलं.

त्याच २००८ च्या नोव्हेंबरात, गाळाचा वास अजून गेलेला नसताना, युनेस्कोने आयोवा सिटीला 'साहित्याचं शहर' हा मान दिला. एडिंबरा आणि मेलबर्ननंतर जगातलं तिसरं, अमेरिकेतलं पहिलं. गावाला हसावं की रडावं कळेना. पण एक बरं होतं, साहित्याला फारशी इमारत लागत नाही. पुस्तकाच्या दुकानात, कॉफीच्या टेबलावर, कुणाच्या घराच्या ओसरीवर ते चालतं. पुराच्या वर्षीही शरदात लेखक आले आणि वाचनं झाली.

मग बांधकामं सुरू झाली आणि या वेळी प्रत्येक इमारतीसाठी नदीचा विचार आधी झाला. नवं हँचर वास्तुविशारद सेझार पेली यांच्या कंपनीने आखलं. ते नदीजवळच, पण वरच्या टेकाडावर. २०१६ च्या सप्टेंबरात ते उघडलं. संगीत विभाग नदी सोडून थेट बाजारपेठेत आला, त्याच वर्षी. स्टीव्हन हॉल यांनी आखलेली चित्रकला विभागाची इमारत पाण्याच्या काठावरच होती. तिला संरक्षण देऊन तिथेच ठेवलं आणि २०१२ मध्ये ती परत सुरू झाली. गावात यायचा मुख्य रस्ता आणि त्याजवळचा नदीवरचा पूल उंच केले. आणि २००९ साली विद्यापीठात पूर अभ्यास केंद्र स्थापन झालं. राज्यातल्या पुलांना खालून पाण्याची पातळी मोजणारी छोटी यंत्रं बसवली आहेत. कुठल्या ओढ्याला किती पाणी आलं, हे शेतकरी आपल्या फोनवर बघतो. पाण्याचा अभ्यास आणि गावाचे निर्णय यांची गाठ शेवटी पडली.

कलासंग्रहालयाला सगळ्यात जास्त वेळ लागला. नवं स्टॅन्ली संग्रहालय ग्रंथालयाशेजारी, उंचावर दालनं घेऊन, २०२२ च्या ऑगस्टमध्ये उघडलं. प्रवेश फुकट. त्या शरदात मुलीकडे गेले होते, तेव्हा दोघी बघायला गेलो. 'म्यूरल'समोर गावाकडून आलेल्या चौथी-पाचवीच्या मुलांचा घोळका बसला होता. बाईंनी विचारलं, यात तुम्हाला काय दिसतं? एक म्हणाला, घोडे. दुसरी म्हणाली, वारा आलेला मका. तिसरा म्हणाला, पुराचं पाणी. २००८ मध्ये त्यांच्यापैकी कुणाचा जन्मही झाला नव्हता. मी मनाशी म्हटलं, १४ कोटी डॉलरला हे कुठे विकत मिळणार होतं?

पूर काही फक्त पाण्याचाच येतो असं नाही. ह्वालिंग न्ये २०२४ च्या ऑक्टोबरात गेल्या, वयाच्या ९९ व्या वर्षी. नदीवरच्या टेकडीवरच्या त्यांच्या घरात कितीतरी देशांच्या लेखकांनी जेवणं केली होती. त्यानंतर काही महिन्यांतच, २०२५ च्या सुरुवातीला, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने त्यांच्या लेखन कार्यक्रमाचं अनुदान थांबवलं. शाळकरी मुलांसाठीचं उन्हाळी शिबिर रद्द करावं लागलं. शरदातला लेखकांचा मुक्काम मात्र, लहान प्रमाणात का होईना, चालू ठेवायचं मंडळींनी ठरवलं. मुलीशी फोनवर बोलत होते तेव्हा ती म्हणाली, "पैसे जमवताहेत सगळे. दुकानात बरणी ठेवली आहे." मला जिन्यावरची ती साखळी आठवली.

तुमचं कुणी शिकागोकडे असेल आणि तुम्ही तिकडे गेलात, तर एक शनिवार-रविवार या गावासाठी काढा. सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम, झाडं तांबडी-पिवळी झालेली असतात आणि लेखक आलेले असतात. सकाळी बाजारातून कोलाचे घ्या, नदीच्या वाटेने चाला, संग्रहालयात थोडा वेळ बसा, संध्याकाळी पुस्तकाच्या दुकानात एखादं वाचन ऐका. धरणाखाली जाऊन दगडातला समुद्रही बघा. आणि पादचारी पुलावर उभं राहून काठावरची मोकळी हिरवळ नीट पाहून घ्या. तिथे काहीच नाही असं वाटेल. एके काळी तिथे त्या गावाचं नाटक, गाणं आणि चित्रं होती. आता ती वरच्या अंगाला गेली आहेत आणि ती जागा गावाने नदीला परत दिली आहे.